रेघेवरचं पाणी

असल्फा, घाटकोपर (प.)
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुयोगदादा,

नमस्कार. तू कसा आहेस? नाशिकला थंडी पडायला लागली का? इकडे अजून पंख्याखालून हलवत नाही. आई बरी आहे, गुडघा सोडून. बाबा बरे आहेत. मी पण बरी.

पत्र बघून हसशील. आजकाल कोण पत्र लिहितं. पण घरात चालणारा फोन एकच, तो बाबांकडे असतो. आणि आपल्या खोलीत काही बोललं की भिंतीपलीकडचे पण उत्तर देतात. आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा म्हटलं तर तुला माहितीये माझं काय होतं. 'दादा' बोलते आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज. लिहिताना तसं होत नाही. तुझा पत्ता आईच्या डायरीतून घेतला. बाबांना माहीत नाही.

तुला जाऊन सात महिने झाले. बाबा तुझं नाव घेत नाहीत, पण तुझा निळा टॉवेल कोणाला वापरू देत नाहीत. मी एकदा केस पुसले तर हातातून काढून घेतला. तू त्यांना वॉचमनची नोकरी लावत होतास ते चांगल्यासाठीच होतं, मला कळतं. त्यांनी बावन्नाव्या वर्षी शिकायचं ठरवलं ते पण कळतं. पण जाताना तू बोललास ना, "शिका, शिका. लोकांची घरं पाडा," ते बोलायला नको होतं. ते त्यांना लागलं. मला पण लागलं, आणि आता जास्तच लागतंय.

असो. बातमी ही की बाबांनी दोन कोर्स केले. आधी लादी बसवायचा बारा दिवसांचा, मग वॉटरप्रूफिंगचा तीन आठवड्यांचा. कंपनी वापीला जाईपर्यंत पंचवीस वर्षं त्यांनी खोकी चिकटवली, हातात दुसरं काही नव्हतं. पहिल्या दिवशी थापी उलटी धरली. आमचे अनंत सर सगळ्यांसमोर बोलले, "धाकूशेठ, भाकरी थापायची नाहीये." सगळे हसले. वर्गात अर्धे लोक बाबांच्याच वयाचे आहेत. एक वनमालाबाई आहेत, वीस वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या, आता लादी शिकतात. त्या लगेच बोलल्या, "सर, भाकरीला नावं ठेवू नका. माझी लादी सरळ बसते ती त्या हातामुळेच."

'आमचे' सर लिहिलं कारण मी पण जाते. बाबांनी माझं नाव परस्पर घातलं. नववी सोडून घरात बसलीये, कोणी आलं की मोरीत जाऊन घासलेली भांडी परत घासते, ते त्यांना बघवत नव्हतं. बोलले, "भिंतीशी बोलायचा आहे, माणसांशी नाय. चल गो."

आणि दादा, मला जमतं. जमीन आणि भिंत मिळते तिथे सिमेंटची गोलाई मारतात, तिला वाटा म्हणतात. कोपऱ्यातून पाणी आत शिरू नये म्हणून. सर बोलले हिची बोटं बारीक आहेत, कोपरा हिला द्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बोललं की हे हिला द्या.

बाबांना पहिलं काम मुलुंडला मिळालं. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, वसुधाकाकूंचं बाथरूम. काकू शाळेत शिकवायच्या, आता रिटायर आहेत. मला 'अहो निधी' बोलतात, मला हसू येतं. जुनी लादी काढलेलीच होती. आम्ही खाली साफ केलं, वाटे मारले, केमिकलचे दोन हात दिले. दाराजवळचा कोपरा मी एकटीने केला.

मग पाणी लावून बघायचं असतं. दाराला छोटा बांध घालायचा, पाणी जायच्या भोकाला बूच मारायचं, वीतभर पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. दोन दिवस पाणी तिथेच राहिलं तर काम पक्कं, मग वर लादी. काकू ठाण्याला मुलीकडे गेल्या होत्या, बाबांची कोर्सची शेवटची परीक्षा होती. म्हणून चावी माझ्याकडे. दोन्ही दिवस मीच होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. पॅन्ट दुमडून उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग बूच काढलं आणि बोलले, "झकास." पाणी गेलं. तिसऱ्या दिवशी लादीवाला आला. विषय संपला.

दसऱ्याला बाबांनी थापी, घमेलं, पट्टी सगळं धुऊन पाटावर मांडलं आणि झेंडू वाहिला. माझी छोटी थापी पण मांडली. मला बोलले, नमस्कार कर. मी केला. पण मान वर करवेना.

जेवण जात नाही नीट. आई म्हणते पित्त आहे.

एक विचारायचं होतं. तुमच्या कंपनीत एखादा माल खराब असून टेस्टमध्ये पास झाला आणि पुढे गेला, तर काय करतात? परत बोलावतात का? की ज्याच्याकडे गेला त्याचं नशीब? असंच विचारलं.

तब्येतीला जप. बाहेरचं कमी खा.

तुझी,
निधू


असल्फा, घाटकोपर (प.)
मंगळवार, २८ ऑक्टोबर

दादा,

भाऊबीजेला तू आला नाहीस. आईने पाट मांडला होता, संध्याकाळी उचलला. तुझा मेसेज शेजारणीच्या फोनवर आला, तो आईने दाखवला. "निधूला विचार मालाचं काय विचारत होती, फोन कर बोल." मी केला नाही. फोनवर मला हे बोलताच येणार नाही.

शुक्रवारी वसुधाकाकूंचा बाबांना फोन आला. खालच्या मजल्यावर बाथरूमच्या छताला डाग आलाय, बघून जा. बाबा हातातला चहा ठेवून उठले, मला पण घेतलं. मी नको बोलले, पोटात दुखतंय बोलले. "काम दोघांनी केलाव, तर बघूक पण दोघांनी जावचा," एवढंच बोलले.

खाली नीलाआजी राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि त्यांचा मुलगा शिवदासकाका. काकांनी दार उघडलं तेच तोंड पाडून. "या. तुमचीच वाट बघतोय. वरती मार्बल आणि आमच्या डोक्यावर नकाशा."

खरंच नकाशा होता. पिवळा, कडेला तपकिरी. मधे छत थोडं खाली आल्यासारखं, पोट सुटल्यासारखं. आणि बरोबर त्याच्या खाली एक लाल प्लास्टिकचं स्टूल.

मी स्टुलाकडे बघत होते. आजींच्या लक्षात आलं. "माझं आहे गं ते. उभं राहून अंघोळ नाही होत आता. बसते अर्धा तास, कढत पाण्याने. शिवा ओरडतो किती वेळ म्हणून. तेवढंच काय ते सुख राहिलंय."

बाबांनी मान वर करून बघितलं. मग बोलले, "आजी, हे जुनं पाणी. स्लॅबमध्ये मुरलेलं असतं ना, ते वरून बंद केलं की खालून सुकत सुकत निघतं. महिना लागतो."

"म्हणजे तुमच्या कामाचं नाही?" शिवदासकाका.

"पाणी लावून बघितलंय, साहेब. दोन दिवस. हलला नाही पाणी."

हे बोलताना बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी भिंतीवरच्या साबणाच्या डबीकडे बघत होते. आजी बोलल्या, "बघ शिवा, माणूस सांगतोय ना. उगीच त्यांच्या अंगावर जातोस." आणि मला एक चकली दिली हातात. ती मी खाल्ली नाही. जिन्यात खिशात ठेवली, तिचा चुरा झाला.

आता लिहिते. दादा, पाणी हललं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी रेघेवरच होतं. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडलं, चप्पल काढली, आत गेले. रेघ कोरडी होती. पाणी तिच्याखाली दोन बोटं. मी बोटं लावून बघितलं, खरंच दोन. सरांनी शिकवलंय, पाणी उतरलं तर आधी बूच बघायचं, कधीकधी तिथून जातं. मी हात घालून दाबलं. बूच घट्ट होतं, जरासुद्धा हललं नाही. म्हणजे जमिनीतून जात होतं. कुठून ते पाण्याखाली दिसत नाही. पण मला दाराजवळचाच कोपरा दिसत होता. माझा. घाईत मी तिथली धूळ नीट पुसली होती की नाही ते मला आठवेचना. अजून आठवत नाही.

बाबांना फोन करायला हवा होता. काकूंच्या हॉलमध्ये जुना लँडलाइन फोन आहे, बाबांचा नंबर पाठ आहे. मी रिसीव्हर उचलला पण. मग वाटलं बाबा आत्ता परीक्षेला बसलेत. त्यांना काय बोलू, तुमचं पहिलंच काम गळतंय? उद्या लादीवाला येणार, काकू येणार. सगळं परत फोडायचं. आणि तुझं ते वाक्य. ते डोक्यातून जात नव्हतं. वाटलं तू बरोबर निघशील.

बाजूला बादली होती. दादा, मला कोणी सांगितलं नाही. मी स्वतःच नळ सोडला. तीन बादल्या लागल्या. हळू ओतलं, आवाज होऊ नये म्हणून. घरात कोणी नव्हतं तरी. मग बादली पुसून होती तिथे ठेवली आणि हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले, संध्याकाळपर्यंत.

बस, एवढंच केलं मी. तीन बादल्या.

तेव्हा वाटलं, थोडं गळेल, डाग पडेल, रंग मारतील. पण मी कोर्स केलाय ना, म्हणून मला माहितीये काय होतं. सरांनी एक फोटो दाखवला होता. आतली सळई गंजली की फुगते, आणि फुगली की खालचं प्लास्टर सोडते. ते आधी सांगून पडत नाही. एक वितीएवढा तुकडासुद्धा माणसाच्या डोक्यासाठी पुरतो. वर्गात कोणीतरी विचारलं होतं, "खाली कोण होतं सर?" सर बोलले, "होतं कोणीतरी."

आता सकाळी आठ वाजले की माझे हात गार पडतात. आजींची अंघोळीची वेळ सव्वाआठची आहे, त्यांनीच सांगितलं. साडेआठ, पावणेनऊ होईपर्यंत मी बाबांच्या फोनकडे बघत असते. वाजला नाही की वाटतं, आजचा दिवस गेला. मग उद्याचं सुरू होतं. काल वाजला तेव्हा मी ताट पाडलं. गॅसवाल्याचा होता.

बाबा मात्र नवीन काम बघून आलेत, इथेच घाटकोपरला. पुढच्या आठवड्यात सुरू करायचं बोलतात. पण शुक्रवारपासून ते पण कमी बोलतात. मला वाटतं दमलेत.

तू बोल ना बाबांशी. तुझं त्यांच्याशी भांडण आहे माहितीये, पण तुला बोलता तरी येतं. मी तीनदा समोर जाऊन उभी राहिले. "काय गो?" विचारलं. मी बोलले, "चहा टाकू?" तीनदा चहा झाला.

हे उद्या सकाळी पोस्टात टाकते. वाचलंस की लगेच कर काहीतरी.

तुझी,
निधू


असल्फा
शनिवार, १ नोव्हेंबर

दादा,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. २८ तारखेचं आधी वाच, नाहीतर हे कळणार नाही.

ते मी टाकलंच नव्हतं. बुधवारी पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाकीट अर्धं आत घातलं आणि हिशोब केला. नाशिकला पोचायला तीन दिवस. तू वाचणार, चिडणार, एक दिवस विचार करणार, मग फोन करणार. चार दिवस. म्हणजे आजींच्या चार अंघोळी. हात बाहेर काढला.

घरी आले तर बाबा दारात बसून घमेलं खरवडत होते, नवीन कामासाठी. आई पोळ्या करत होती. मी पत्र घमेल्यात ठेवलं. बोलले काही नाही. मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बाबा बोट लावून वाचतात, तुला माहितीये. किती वेळ लागला कळलं नाही, बादली भरून वाहायला लागली. मग हाक आली. "निधू, नळ बंद कर."

बाहेर आले. पत्राची घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली होती. मला वाटलं मारतील. कधी मारलं नाही, पण वाटलं. ते बोलले, "माका ठावूक होता."

मला कळलंच नाही. "काय?"

"पाणी. रेघेच्या वर होता. सूतभर वर. दोन दीस उघडा ठेवलेला पाणी वर येता काय गो? चांगल्यातल्या चांगल्या कामात पण थोडा उतरता, हवा पिता."

आईचं लाटणं थांबलं.

मी विचारलं, "मग मला विचारलं का नाही?"

ते घमेल्याकडे बघून बोलले, "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणून नाय विचारलं."

दादा, मी पाच आठवडे त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. एकाच खोलीत. शुक्रवारी आजींच्या बाथरूममध्ये ते खोटं बोलले आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, फक्त एकमेकांचं माहीत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाढली. इतके दिवस वाटायचं की बाबांना कळलं की ते काहीतरी करतील. त्यांना कळलेलंच होतं.

स्टुलाचं आईला शुक्रवारीच सांगितलं होतं. ती बोलली, "दोघं बसलायत काय? ती म्हातारी उद्या परत बसेल ना तिथे."

बाबांनी हात धुतले, शर्ट घातला, अनंत सरांना फोन लावला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, ते गल्लीत उभे राहून बोलले. परत आले तेव्हा कान लाल होते.

मुलुंडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. शिवदासकाका घरीच होते. बाबांनी चप्पल बाहेर काढली आणि दारातच सांगितलं, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो. पाणी उतरलं होतं. आजींना तिथे बसू देऊ नका."

"उतरलं होतं म्हणजे? किती?"

बाबांना कुठे माहीत होतं किती. उतरलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं.

"अहो, तुमचं काम, तुम्हाला माहीत नाही? बघितलं कोणी मग?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका, आजी, वरून उतरलेल्या वसुधाकाकू. वर्गात वाचायला उभं करायचे तेव्हासारखंच, बोलता येईना. बाबा माझ्यासाठी बोलले नाहीत. त्यांना बोलता येण्यासारखं काही नव्हतंच. मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. मग आवाज आला. "दोन बोटं. मी वरून पाणी ओतलं. तीन बादल्या."

"अगं बाई," वसुधाकाकू बोलल्या. एवढंच. 'अहो' गेलं.

काकांनी जे बोलायचं ते बोलले. सगळं लिहीत नाही. "कोर्स करून येतात आणि आमच्यावर हात साफ करतात," हे एक लिहिते. बाबा मान खाली घालून ऐकत होते. एकदाच बोलले. "माझा मुलगा पण हेच म्हणत होता. त्याला मी घराबाहेर काढल्यासारखं केलं." म्हणून सांगते दादा, तू फोन केलास तर ते वाक्य परत बोलू नकोस. तुझ्या वाटणीचं त्यांनी स्वतः बोलून टाकलंय.

मग सर आले. आल्या आल्या आजींच्या बाथरूममध्ये गेले, आम्हाला सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं, आणि लांब बांबूने छत ठोकायला लागले. कडेला ठोकलं की ठणठण येत होतं. मग मधे सरकले. आवाज बदलला, बद्द बद्द, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. सरांनी मागे न बघता सांगितलं, "धाकू, म्हातारीला हॉलमध्ये ने." आजी बोलल्या, "मी बघते ना." बाबांनी त्यांना उचललंच, लहान मुलासारखं.

सरांनी आणखी एकदा ठोकलं. जोरात नाही. टिचकी मारावी तसं.

ते एकदम आलं. पाटाएवढा तुकडा, दोन इंच जाड. आवाजाने कानात शिट्टी वाजली, सगळं पांढरं झालं, खोकला. धूळ बसली तेव्हा वरती गंजलेली सळई दिसत होती आणि खाली ते लाल स्टूल. चार पाय चार दिशांना. बसायची जागा कुठे होती ते कळत नव्हतं.

शिवदासकाका इतका वेळ ओरडत होते, ते खुर्चीत बसले आणि त्यांनी आजींचा हात धरला. आजींनी विचारलं, "काय पडलं रे?" काका बोलले, "काही नाही. प्लास्टर." मग परत बोलले, "काही नाही गं." त्यांचा आवाज माझ्यासारखा झाला होता.

मी जिन्यात जाऊन बसले.

सर बोलले, स्लॅब आधीपासूनच कुजलेला होता, बरीच वर्षं. आमच्या पाण्याने शेवटचं काम केलं. बाबा बोलले, "शेवटचं केलं तेच केलं ना, सर." सरांनी जाताना बाबांना सांगितलं, सोमवारी नवीन बॅच सुरू होते, पहिल्या दिवसापासून बस. बाबा हो बोलले. घाटकोपरचं काम त्यांनी तिथूनच फोन करून नको सांगितलं. कारण पण सांगितलं, जे होतं तेच.

आता वरची सगळी लादी फोडायची, पाणी कुठून जातं ते शोधायचं आणि परत करून द्यायचं. सर समोर उभे राहणार. आजींचं छत पण दुरुस्त करून द्यायचं. तोपर्यंत आजी वसुधाकाकूंच्या दुसऱ्या बाथरूममध्ये अंघोळ करतायत. काल सकाळी सव्वाआठला माझे हात तरीही गार पडले. सवय झाली असेल.

शिवदासकाकांना लिहून हवं होतं. साध्या वहीचा कागद होता. वसुधाकाकूंनी अक्षर चांगलं म्हणून लिहिलं. काम आम्ही केलं, पाणी उतरलं हे आम्हाला माहीत होतं, आम्ही सांगितलं नाही, आता दुरुस्त करून देऊ. बाबांनी सही केली. काकांनी कागद घडी करायला घेतला, बोलले, "मुलीची नको. लहान आहे."

मी बोलले, "अठरा पूर्ण आहेत."

खोटं नाही ते, ऑगस्टमध्ये झाली. पेन बाबांच्या हातात होतं. त्यांनी ते लगेच सोडलं नाही. मी ओढून घेतलं.

उद्या सकाळी नऊला फोडायला सुरुवात. बाबा बोलतात तू घरी थांब, धूळ उडेल. मी जाणार आहे. दाराजवळचा कोपरा मी स्वतः उघडणार. माझ्या वाट्याखाली धूळ निघेल, किंवा नाही निघणार आणि ती बाबांच्या बाजूला निघेल. दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

सकाळी पत्र टाकूनच निघते. या वेळी पेटीतून हात बाहेर काढणार नाही.

त्या कागदावर केली तीच सही इथे करते.

निधी धाकू घाडीगावकर